भूतही नाही, नाटकही नाही. तो आजार आहे!

रस्त्यात, कारखान्यात, शाळेच्या मैदानावर किंवा जयंतीच्या मिरवणुकीत कुणीतरी धाडकन कोसळते. हातपाय झाडू लागते, डोळे फिरतात, तोंडाला फेस येतो. क्षणात गर्दी जमते. कुणी पायातली चप्पल काढून नाकाला लावतो, कुणी कांदा फोडून आणतो, कुणी चाव्यांचा जुडगा मुठीत कोंबतो, तर कुणी दातखीळ सोडविण्यासाठी चमचा तोंडात घालतो. थोड्या वेळाने माणूस शुद्धीवर येतो आणि मग गर्दीतले न्यायाधीश निकाल देतात. पहिला निकाल, "याला मिरगी आहे." दुसरा निकाल, "बाहेरचे काहीतरी लागले आहे." आणि कोसळणारी व्यक्ती तरुण स्त्री असेल तर तिसरा निकाल, "नाटक करते आहे!" तिन्ही निकाल पुराव्याशिवाय दिलेले असतात. शिक्षा मात्र त्या माणसाला वर्षानुवर्षे भोगावी लागते.

मी डॉक्टर नाही, वकील आहे. परंतु या बिनपुराव्याच्या निकालांनी मोडलेले संसार आणि गेलेल्या नोकऱ्या शेवटी न्यायालयाच्या दारात येतात. म्हणूनच या विषयावर चळवळीच्या वाचकांशी स्पष्ट बोलणे आवश्यक वाटते. फिट आली म्हणजे अपस्मारच असे नाही. आणि अपस्मार नाही म्हणजे ढोंग आहे, असेही नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या अंधारात आपली हजारो माणसे, विशेषतः आपल्या भगिनी, चिरडल्या जात आहेत.

अपस्मार म्हणजे काय? मेंदूतील विजेच्या अतिरिक्त, अनियंत्रित प्रवाहामुळे कोणतेही तात्कालिक कारण नसताना वारंवार येणारे झटके. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. परंतु हीच संघटना सांगते की, जगातील सुमारे १० टक्के लोकांना आयुष्यात एखादा तरी झटका येऊ शकतो. याचा अर्थ उघड आहे. एक झटका म्हणजे अपस्मार नव्हे. एकदा कोसळलेल्या मुलीच्या कपाळावर 'मिरगीवाली' असा शिक्का मारण्याचा अधिकार कुणालाही नाही.

मग अपस्मार नसताना झटके का येतात? कारणे अनेक आहेत आणि त्यातली बरीच कष्टकऱ्यांच्या जगण्याशी जोडलेली आहेत. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाला तापात आकडी येते. बहुतेक मुले पुढे ठणठणीत राहतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी कामावर गेलेल्या माणसाची साखर उतरते आणि त्याला झटका येतो. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली, तर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. वस्तीत व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे पक्के ध्यानात ठेवावे. शपथ जरूर द्या, पण जुन्या पिणाऱ्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा.

साध्या चक्करेतही हातपाय झटकले जातात. १९९४ मध्ये जर्मन संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना काही क्षण बेशुद्ध करून चित्रीकरण केले. पूर्ण बेशुद्ध झालेल्या दहापैकी नऊ जणांच्या स्नायूंना झटके आले होते. त्यांच्यापैकी कुणालाही अपस्मार नव्हता. मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर कमी झाला, एवढेच. कधी कधी अशा चक्करेमागे हृदयाच्या ठोक्यांचा गंभीर दोष असतो. तेथे मिरगीच्या गोळ्या देत बसलो, तर माणूस एक दिवस अचानक दगावतो.

आता बाळंतिणीचे पाहा. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर किंवा बाळंतपणानंतरच्या दिवसांत रक्तदाब भयंकर वाढून येणाऱ्या झटक्यांना एक्लॅम्पसिया म्हणतात. आधी डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, चेहरा व हात सुजतात. वस्तीत म्हणतात, "बाळंतीण झपाटली." उतारा टाकण्यात जी रात्र जाते, ती रात्र तिचा आणि बाळाचा जीव घेते. वास्तविक मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त इंजेक्शन त्यावर उपलब्ध आहे. ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने २००२ मध्ये सिद्ध केले की, धोका असलेल्या मातेला ते वेळेत दिले तर झटक्याची शक्यता निम्म्याने कमी होते. दोन जीव वाचविणारे औषध सरकारी दवाखान्यात आणि बाळंतीण मांत्रिकाच्या ओट्यावर, याला काय म्हणावे?

शेतमजुराचेही तेच. ऑर्गेनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकांची विषबाधा झाली की झटके येतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा बळी घेतला, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. आणि गटारात उतरविलेल्या सफाई कामगाराचे? गटारातील हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त प्रमाणात असेल, तर काही श्वासांतच माणूस बेशुद्ध होतो, त्याला आचके येतात. अशा मृत्यूनंतर ठेकेदार म्हणतो, "त्याला आधीपासून फिटचा त्रास होता." येथे 'फिट' हा शब्द गुन्हा झाकण्याचे कफन बनतो. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर गटारातील प्रत्येक मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये डॉ. बलराम सिंह यांच्या याचिकेवर ती रक्कम ३० लाख झाली. म्हणून अशा मृत्यूच्या पंचनाम्यात आणि शवविच्छेदनात विषारी वायूची नोंद होते की नाही, हे कार्यकर्त्यांनी उभे राहून पाहिले पाहिजे. कारण शोधल्याशिवाय 'फिट' लिहू देऊ नका!

आता मूळ दुखण्याकडे येऊ. काही माणसांना अगदी अपस्मारासारखे झटके येतात. परंतु त्या वेळी मेंदूचा आलेख काढला तर अपस्माराची विद्युत लाट दिसत नाही. रक्त, साखर, हृदय सारे ठीक असते. पूर्वी याला हिस्टेरिया म्हणत. मग डॉक्टरमंडळी 'स्यूडो सीझर', म्हणजे खोटी फिट म्हणू लागली. आता फंक्शनल किंवा डिसोसिएटिव्ह सीझर असे म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचे तर मेंदूची यंत्रे शाबूत असतात, पण जाणीव, भावना आणि शरीराची हालचाल यांचा मेळ काही काळ तुटतो. झटका माणसाच्या इच्छेने येत नाही आणि इच्छेने थांबतही नाही. ढोंग जाणूनबुजून केलेले असते. येथे ते नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात याची स्वतंत्र नोंद आहे.

हा आजार दुर्मीळ आहे काय? औषधांनी आटोक्यात न येणाऱ्या फिटसाठी अपस्माराच्या मोठ्या केंद्रांत पाठविलेल्या रुग्णांपैकी साधारण २० ते ३० टक्के लोकांना प्रत्यक्षात हाच आजार निघतो. त्यात सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया असतात. अनेकांच्या (सर्वांच्या नव्हे) आयुष्यात मारहाण, लैंगिक अत्याचार, जिवलगाचा मृत्यू किंवा न सांगता येणारा ताण असतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात खरे निदान व्हायला सरासरी सात वर्षांहून अधिक काळ लागल्याचे आढळले. सात वर्षे! तेवढा काळ माणूस न झालेल्या अपस्माराच्या गोळ्या खातो, त्या गोळ्यांची गुंगी आणि दुष्परिणाम सोसतो, आणि फरक पडत नाही म्हणून शेवटी देवऋषीकडे नेला जातो.

'नाटक' म्हणणाऱ्यांनी आणखी एक आकडा ऐकावा. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की, अशा रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या अडीच पट होते. नाटक करणारी माणसे अशी अडीच पट मरतात काय?

झटक्यांना दैवी मानण्याची परंपरा जुनी आहे, तसाच तिला झालेला विरोधही जुना आहे. इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास हिपोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रीक वैद्याने 'पवित्र रोग' या ग्रंथात ठणकावून सांगितले की, या रोगात पवित्र असे काही नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे. आपल्याकडे विनयपिटकाच्या महावग्गात नोंद आहे की, मगधात पाच रोग पसरले असता जीवकाचे उपचार मिळावेत म्हणून रोगी माणसे संघात येऊ लागली. जीवकावरचा भार वाढला आणि त्याच्या विनंतीवरून त्या रोग्यांच्या प्रव्रज्येबाबत नियम झाला. त्या पाच रोगांत कुष्ठाच्या जोडीला 'अपमार', म्हणजे अपस्मार आहे. नियम आज कुणाला कठोर वाटेल. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. जीवकाच्या काळात फेफऱ्याची गणना रोगात होत होती आणि त्यासाठी माणसे वैद्याकडे जात होती. अडीच हजार वर्षांनी आपण मांत्रिकाकडे जायचे?

'हिस्टेरिया' हा शब्दही तपासून पाहा. तो गर्भाशय या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. स्त्रीचे गर्भाशय शरीरात भटकते म्हणून तिला झटके येतात, अशी ती समजूत! आपल्याकडे तिचेच देशी रूप ऐकू येते, "लग्न लावून द्या, बरी होईल." हा सल्ला देणारे नातेवाईक लग्नानंतर मुलीला पहिला झटका आला की तोंड लपवतात.

येथे थोडे आत्मपरीक्षण करू. आपण २२ प्रतिज्ञा घेतल्या, भिंतीवरचे देव उतरवले. तरीही घरातली सून कोसळली की रात्रीच्या अंधारात गंडादोरा बांधून आणणारी कुटुंबे आपल्यातही आहेत. हे कटू आहे, पण खरे आहे. त्यामागे केवळ अज्ञान नाही. गावात मेंदूविकारतज्ज्ञ नाही, जिल्ह्याच्या दवाखान्यात दिवसभर रांग, खासगी तपासणीला पैसे नाहीत. भगत मात्र हाकेच्या अंतरावर असतो आणि तो बाईचे ऐकून तरी घेतो. लोकांना नावे ठेवण्यापेक्षा ही पोकळी भरून काढणे हे चळवळीचे काम आहे.

भगताच्या अड्ड्यावर जे चालते तो महाराष्ट्रात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या खुनानंतर वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीतील पहिलेच कलम भूत उतरविण्याच्या बहाण्याने दोरखंडाने किंवा साखळीने बांधणे, काठी-चाबकाने मारणे, चपला भिजवलेले पाणी पाजणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे यांविषयी आहे. शिक्षा किमान सहा महिने, कमाल सात वर्षे आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पोलीस ठाण्यात "हा तुमच्या घरचा मामला आहे" असे कुणी म्हटले, तर हा कायदा त्याच्यापुढे ठेवा.

साखळीचा शेवट काय होतो, हे देशाने ६ ऑगस्ट २००१ रोजी पाहिले. तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका 'मनोरुग्ण आश्रमा'ला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेली २८ माणसे पळता न आल्याने जळून मेली. पुढे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आला आणि मे २०१८ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम ९५ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. कलम १८ ने सरकारी मानसिक आरोग्य सेवा हा हक्क ठरविला. दारिद्र्यरेषेखालील माणसाला ती मोफत आहे, मग कार्ड हातात असो वा नसो.

आता न्यायालयातील अनुभव. नवऱ्याकडून दावा येतो, "पत्नीला लग्नाआधीपासून फिट येतात, ती वेडसर आहे, आम्हाला फसवले." जोडीला कागद असतात. एका डॉक्टरच्या चिठ्ठीत अपस्मार, दुसऱ्याच्या चिठ्ठीत हिस्टेरिया. व्हिडिओ-ईईजी, म्हणजे झटक्याचे चित्रीकरण आणि मेंदूचा आलेख एकाच वेळी घेणारी खरी तपासणी, कुणी केलेलीच नसते. आणि झटके कधी सुरू झाले असे विचारले, तर पुष्कळदा लग्नानंतरच्या पहिल्या मारहाणीशी तारीख जुळते. मारणारा फिर्यादी आणि मार खाणारी 'वेडी'!

बौद्धांचे विवाहही हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कक्षेत येतात, म्हणून त्याची स्थिती माहीत हवी. १९७६ च्या दुरुस्तीने 'अपस्माराचे वारंवार झटके' ही विवाहाच्या पात्रतेतील आडकाठी ठरवली होती. १९९९ च्या दुरुस्तीने 'अपस्मार' हा शब्द वगळला. आज अपस्मार असलेल्या व्यक्तीचा विवाह त्या कारणाने अवैध ठरविता येत नाही. मग ज्या स्त्रीला अपस्मारच नाही, तिचा विवाह त्या नावावर कसा मोडता येईल? घटस्फोटासाठी मानसिक विकाराचे कारण आहे. पण राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, आजाराचे नुसते नाव पुरेसे नाही, त्याची तीव्रता सिद्ध करावी लागते. शिवाय २०१७ च्या कायद्याचे कलम ३ सांगते की, मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून ती व्यक्ती विकलमनस्क ठरत नाही. ते सक्षम न्यायालयाने ठरवावे लागते. पण एक सावधगिरीही सांगतो. लग्न जुळविताना आजार लपवू नका. लपविलेली महत्त्वाची गोष्ट फसवणूक म्हणून पुढे येते आणि विवाह रद्द करण्याचा दावा उभा राहतो. निदान करून, खरे सांगून केलेला विवाह टिकतो.

तर मग करायचे काय? झटका आला की गर्दी हटवा. माणसाला एका कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, घड्याळ पाहा. तोंडात काहीही घालू नका; पाणी, चमचा, बोट, काहीच नाही. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, लागोपाठ दुसरा आला, गरोदर वा बाळंतीण स्त्री असेल, पहिलाच झटका असेल किंवा विषाचा संशय असेल, तर १०८ ला फोन करा. गटारात कुणी कोसळले, तर मागोमाग दुसऱ्याने उतरू नये.

घरच्या कुणीतरी मोबाइलवर झटक्याचे चित्रीकरण करावे आणि ते केवळ डॉक्टरांना दाखवावे. झटक्यात डोळे उघडे होते की मिटलेले, तो किती वेळ चालला, नंतर काय आठवले, हे निदानाला मोलाचे असते. मात्र एका खुणेवरून घरी निदान करू नका. साधा ईईजी नॉर्मल आला म्हणून अपस्मार नाही, असे ठरत नाही. आणि काहींना दोन्ही आजार एकत्र असतात. म्हणून सुरू असलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. एकदम बंद केल्यास जिवावर बेतू शकते. आणि कारण कोणतेही असो, अचानक शुद्ध हरपत असेल तर वाहन चालवू नका. परवान्याच्या अर्जातही हा प्रश्न विचारलेला असतो.

फंक्शनल झटक्यांवर पहिला उपचार म्हणजे अपमान न करता केलेले स्पष्ट निदान. काहींचे झटके तेवढ्यानेही कमी होतात. पुढे समुपदेशन. ब्रिटनमध्ये ३६८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बोलण्यातून केलेल्या उपचाराने वर्षभरानंतर झटक्यांच्या संख्येत ठळक फरक दिसला नाही. परंतु रुग्णांचे रोजचे जगणे, कामकाज आणि मनाचा त्रास यांत सुधारणा झाली. जादूची कांडी कुणाकडेच नाही, म्हणून चिकाटी हवी. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते. घरात मारहाण असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण, निवास आणि खर्च मागता येतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मार थांबल्याशिवाय औषध लागू पडेल, अशी अपेक्षा कशी करायची?

विहार समित्यांना, महिला मंडळांना माझी विनंती आहे. पौर्णिमेच्या कार्यक्रमात एक तास या विषयाला द्या. जवळच्या सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना बोलवा. वस्तीत ज्या घराला 'बाधा' झाल्याची कुजबुज आहे, त्या घरात दोन भगिनींनी जाऊन बसावे, ऐकून घ्यावे आणि दवाखान्यात सोबत जावे. पुढच्या वेळी कुणी कोसळले आणि गर्दीतला कुणी "नाटक आहे" म्हणाला, तर त्याला तेथेच विचारा, "पुरावा काय?" आणि त्या बाईला कुशीवर वळवून तिच्याजवळ थांबा.